एर्झेबेतचं घरचं नाव

मे महिन्यात वसईला भाचीचं लग्न होतं. अंगणात मांडव घालायला माणसं आली होती आणि त्यांच्या चहापाण्याचं बघता बघता मी घामाघूम झाले होते, तेवढ्यात आत फोन वाजला. शारजाहून अरविंद जोगळेकरांचा. तिथे रोल्ला भागातल्या आमच्या इमारतीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. "इझाबेल, झिके गेली," ते म्हणाले. "सकाळी. झोपेतच..." पुढे नुसती लाइनची खरखर. मी "बरं" म्हटलं. अशा वेळी माणसाच्या तोंडून काय वाट्टेल ते निघतं. माझ्या तोंडून बरं निघालं, आणि फोन ठेवून मी पुन्हा चहाकडे गेले. बहिणीने विचारलं, कोणाचा गं फोन? मी म्हटलं, झिके गेली. कोण झिके? मग मी म्हटलं, मृणाल गं, वरच्या मजल्यावरची. तर ती म्हणाली, "ती गोरी ना? पण तिचं नाव तू एर्झी सांगायचीस." तिन्ही नावं एकाच बाईची, आणि बाप्तिस्म्याचं चौथं, एर्झेबेत. लग्नघरात हे सगळं उलगडून सांगायला मला जमलं नाही आणि ऐकायला कोणाला सवडही नव्हती. आता रजा संपवून शारजाला परत आले आहे. ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी वरून कोणी फरशीवर काठी आपटून मला चहाला बोलवत नाही, तेव्हा लिहायला वेळच वेळ आहे.

आमची ओळख झाली ती लिफ्ट बंद पडली म्हणून. नव्वदचं दशक अर्धं सरलं असेल. बर दुबईतल्या ऑफिसातून मी नुकतीच आले होते आणि जिन्याच्या तोंडाशी एक निळ्या डोळ्यांची, सुती साडी नेसलेली बाई खालच्या बकाल्याच्या, म्हणजे वाणसामानाच्या दुकानाच्या, माणसाला हिंदीत झापत होती. हिंदी संपल्यावर ती मराठीवर आली, आणि मराठी कसली, सदाशिव पेठेतली. "कांदे निवडून दे म्हटलं होतं मी तुला, हे असले नासके काय माझ्या डोक्यावर मारतोस?" तो मल्याळी माणूस आणि मी, दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. मी पिशवीचा एक बंद धरला आणि आम्ही वर चढू लागलो. मधल्या मजल्यावर दम खाताना ती म्हणाली, "मी मृणाल जोगळेकर. पासपोर्टवर एर्झेबेत. तुमचं नाव काय?" मी सांगितलं. तिने कांद्यांची पिशवी खाली ठेवली आणि माझा हात धरला. "मग आपण दोघी एकाच नावाच्या की."

मला वाटलं, बाईला ऊन लागलंय. पण ती पायरीवरच बसली आणि मला धडा द्यायला लागली. मूळ नाव हिब्रू, एलीशेबा. देव हीच माझी शपथ, असा काहीसा त्याचा अर्थ. बायबलात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या आईचं हेच नाव. तिथून ग्रीक, लॅटिन करत ते युरोपभर पसरलं, इंग्रजांकडे एलिझाबेथ झालं आणि हंगेरीत एर्झेबेत. हंगेरीची या नावाची एक राजकन्या गोरगरिबांना भाकरी वाटत फिरायची, ती पुढे संत झाली. तिच्या बहिणीची नात स्पेनकडच्या राजघराण्यात जन्मली, तिला या आजीचंच नाव ठेवलं, पण तिकडच्या लोकांच्या तोंडी त्याचं इझाबेल होतं. ही इझाबेल पोर्तुगालची राणी झाली, तीही संत झाली, आणि पोर्तुगीज वसईत उतरले तेव्हा गलबतातून बाकी सामानाबरोबर हे नावही उतरलं. "म्हणजे तुझं नाव आमच्या घरून गेलेलं आहे," ती म्हणाली. "वापरतेस, तर कधीतरी आभार मान." मला आपलं माझं नाव आजीकडून आलं एवढंच ठाऊक होतं. नाताळात घरी गेले तेव्हा आमच्या फादरना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, बाई अगदी बरोबर सांगते. पुढे शारजाच्या चर्चमध्ये एक लेबनीज बाई भेटली, तिचं नाव अलीसाबात. मी येऊन सांगितलं तर एर्झीने टाळी वाजवली. म्हणाली, तिसरी सापडली.

हो, मी तिला एर्झी म्हणायचे. तिच्याकडे एका एर्झेबेतची वीस तरी लाडकी नावं होतात. एर्झी, एर्झिके, बोझी, बोश्के, लिझा, एल्झा, आणखी कितीतरी. ती सांगायची, एकेका गल्लीत चार-चार एर्झेबेत असतात, पण घरोघरचं लाडकं नाव वेगळं, त्यामुळे हाक मारली की बरोबर जिची तीच ओ देते. मी विचारलं, तुझ्या घरी तुला काय म्हणायचे? "बुडापेस्टात कॉलेजात सगळे एर्झी म्हणायचे," ती म्हणाली. आणि घरी? "घरचं घरी राहिलं." मग ती गॅसवरचं दूध बघायला उठून गेली, आणि दूध काही उतू जात नव्हतं. नको त्या विषयाला ती अशी पाठ फिरवायची, आणि मीही खोदून विचारणाऱ्यांतली नाही.

बुडापेस्टात अरविंदभाऊ शिष्यवृत्तीवर केमिकल इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. तिथेच दोघांचं जमलं. पुण्याला आणून वैदिक पद्धतीने लग्न लावलं आणि ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिलं, मृणाल. सासूबाईंनी विचार करून निवडलेलं. अरविंद म्हणजे कमळ, आणि मृणाल म्हणजे कमळाचा देठ. "ते फूल, मी देठ," असं ती हसत सांगायची. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्या नावाला कोणी हात लावला नाही, आणि असल्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. मी तिला एकदा म्हटलंही, अगं, आईबापांनी ठेवलेलं नाव तू मुकाट्याने टाकलंस? तिने माझी कीव केल्यासारखं बघितलं. "माझ्या आईचं काय झालं माहितीये? आमच्याकडे लग्न झालं की बाई नवऱ्याचं सगळं नाव घेते आणि पुढे एक 'ने' लावते. माझे वडील कोवाच यानोश, तर आई कोवाच यानोशने. पोस्टमन तेच म्हणायचा, शेजारी तेच म्हणायचे. आईला स्वतःचं काही नाव होतं हेच लोक विसरले. मला निदान नवीन तरी मिळालं."

लग्नानंतर काही वर्षांनी ते आखातात आले आणि बरीच वर्षं रुवैसला काढली. तिकडे वाळवंट, समुद्र आणि रिफायनरी, बाकी काही नाही. तिथल्या बायका तिला मृणालवहिनी म्हणायच्या. ती गणपतीला मोदक करायची, नथ घालायची, हळदीकुंकवाला वाणं वाटायची, आणि नवऱ्याला चारचौघांत 'अहो' म्हणायची. मराठी सासूकडून शिकलेली असल्यामुळे बोलण्यात 'इश्श' आणि 'अगंबाई' जागच्या जागी पडायचं. फक्त तो आणि ती यांत गोंधळ, कारण तिच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द. मुलगा निखिल तिथेच वाढला. तिने मराठीत विचारावं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यावं, असं घरोघरी चालतं तसंच तिच्याकडेही. हंगेरियन तिने त्याला शिकवलं नाही. का नाही विचारल्यावर म्हणाली, "बोलणार कोणाशी तो?" आई गेल्यावर तिकडचं कोणी उरलंच नाही, मी एकुलती एक, असं ती सांगायची. आम्ही सगळे ते खरं धरून चाललो होतो.

वर्षातून एक दिवस मात्र ती हंगेरीची असायची. त्यांच्याकडे वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा. वर्षाचा एकेक दिवस एकेका नावाला दिलेला, आणि त्या दिवशी त्या नावाच्या माणसाकडे आमंत्रणाची वाट न बघता जायचं. एर्झेबेतचा दिवस नोव्हेंबरात. तिच्या घरी याची कोणाला आठवण नव्हती, कारण घरी ती मृणाल, आणि मृणालचा दिवस हंगेरीच्या कॅलेंडरात कुठून असणार? तेव्हा हा सण आमच्या दोघींचा. ती एक गुंडाळीचा केक करायची. खरा तो खसखशीचा, पण खसखस इथे आणायला बंदी, आणि पुण्याहून येताना अनारशांसाठी म्हणून पुडी बॅगेत टाकलेली माणसं एअरपोर्टवर कशी अडकली त्याच्या गोष्टी आम्ही सगळ्यांनीच ऐकलेल्या. म्हणून ती अक्रोड घालायची आणि दरवर्षी म्हणायची, चव नाही आली. मी फुलं न्यायचे. इतकी वर्षं आम्ही एकमेकींना एकाच नावाच्या शुभेच्छा दिल्या. त्या दिवशी मला तिची ओढ वाटायची ती सख्ख्या बहिणीची वाटावी तशी, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. बोलायला हवं होतं असंही नाही, तिला कळत होतं.

या वर्षी फेब्रुवारीत ती स्वयंपाकघरात पडली. मेंदूत रक्तस्राव. वाचली, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. काही दिवसांनी तोंडातून आवाज यायला लागला तेव्हा मराठी नव्हती, हिंदी नव्हती, इंग्रजीही नव्हती. पुटपुटायची ते हंगेरियन. अरविंदभाऊंना सुद्धा त्यातलं थोडंच कळे. डोळे उघडे, पण ते आमच्यावर ठरत नसत. डॉक्टर इराकी होता, मोठा समजूतदार माणूस. म्हणाला, असं होतं, आधीची भाषा खोल असते, ती राहते. मग म्हणाला, "कॉल हर. द होम नेम, नॉट द फाइल नेम. इन्शाल्ला शी विल टर्न." अरविंदभाऊ वाकून म्हणाले, "मृणाल." पुन्हा म्हणाले. पापणी हलली नाही. हे नाव त्यांनी संसारभर दिवसातून पन्नास वेळा घेतलं असेल, आणि ते जणू दुसऱ्याच कोणाचं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मग "एर्झी" म्हणाले. तेही नाही. निखिल कॅनडाहून आला होता. "मॉम, इट्स मी," तो म्हणत राहिला, आणि शेवटी व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. त्याची रजा संपली, तो गेला. आम्ही तिला घरी आणलं. भाड्याचा हॉस्पिटलचा पलंग आणला, दिवसा एक केरळी नर्स ठेवली, आणि ऑफिसातून आल्यावर मी.

अरविंदभाऊंनी एवढंच धरून ठेवलं होतं. तिने एकदा आपल्याकडे बघावं. बरी होणार नाही हे डॉक्टरने सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकून घेतलं होतं. "पण मी हाक मारली आणि तिने ओ दिली, एवढं झालं तरी पुरे," ते मला म्हणाले. विद्यार्थीदशेत ऐकलेली सगळी लाडकी नावं आठवून एका शुक्रवारी सकाळी ते पलंगाशी उभे राहिले आणि शाळेत पाढे म्हणतात तशी एकेक म्हणू लागले. एर्झिके... बोझी... लिझा... एल्झा... बोश्के. आणि बोश्के म्हटल्याबरोबर तिने मान वळवली. आमच्याकडे नाही, दाराकडे. पण वळवली. डोळ्यांत पहिल्यांदा काहीतरी होतं, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं. ते पुन्हा म्हणाले, बोश्के. तिने पुन्हा दाराकडे बघितलं. भाऊंनी माझे दोन्ही हात धरले आणि रडले. मी नर्सला बोलावलं. आम्ही तिघांनी मिळून, देवाशपथ सांगते, सण केला. त्या दिवशी मी खाली जाऊन मिठाई आणली.

त्यानंतर काही आठवडे आमच्या घरात दुसरा शब्द नव्हता. भरवताना बोश्के, अंग पुसताना बोश्के, औषध देताना बोश्के. नर्ससुद्धा "बोश्के मम्मी" म्हणायला लागली. दर वेळी ती दाराकडे बघायची. आम्ही म्हणायचो, कळतंय तिला, मानेचा ताबा नाही म्हणून त्या बाजूला जाते. भाऊंनी पलंग फिरवून घेतला, म्हणजे दारापाशी उभं राहिलं की ती आपल्याकडेच बघेल. पण तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरून तिची नजर मागे जायची, बाहेरच्या खोलीत, जिन्यावर. आणि आताशा ती रडायला लागली होती. आवाज नाही, नुसतं पाणी. संध्याकाळी जास्त. मला वाटायचं, कुठेतरी दुखत असेल.

शेवटी भाऊंनी हंगेरीच्या वकिलातीतून तिच्या गावच्या चर्चचा फोन नंबर मिळवला. तिथला पाद्री भला निघाला. म्हणाला, तिची एक म्हातारी आत्या अजून आहे, युली नावाची, परवा तिला इथे आणून बसवतो. ठरल्या वेळी मी तिथेच होते. भाऊ फोनवर ओरडून ओरडून बोलत होते, कारण म्हातारीला ऐकू कमी आणि यांचं हंगेरियन गंजलेलं. मग हळूहळू ते ओरडायचे थांबले आणि नुसतं ऐकायला लागले. त्यांनी फोन ठेवला. मी पाणी आणून दिलं. ते म्हणाले, "बोश्के हिचं नाव नव्हे."

आत्याने सांगितलं ते असं. कोवाचांना पहिली मुलगी झाली, तिचं नाव एर्झेबेत ठेवलं, घरी तिला बोश्के म्हणत. शाळेत जायच्या वयाची झाली आणि घटसर्पाने गेली. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी झाली. आईने हट्टाने तिलाही एर्झेबेतच नाव दिलं. यात मला नवल वाटलं नाही, आमच्याकडेही गेलेल्या पोराचं नाव पुढच्याला देतात, नाव रिकामं राहू नये म्हणून. पण हाक तरी वेगळी हवी, तेव्हा दुसरीला झिके म्हणू लागले. झिके हेही एर्झेबेतचंच लाडकं रूप, भाऊंनी ते कधी ऐकलेलं नव्हतं. ही झिके वाढली. दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी ती आईबरोबर कबरस्तानात जायची आणि ज्या दगडापुढे मेणबत्ती लावायची त्यावर तिचंच नाव कोरलेलं असायचं. आणि आईचं डोकं पुरतं ताळ्यावर आलंच नाही. संध्याकाळ झाली की ती अंगणात उभी राहून गेलेल्या मुलीला हाक मारायची. बोश्के, बोश्के. आत्या म्हणाली, "आणि ही बिचारी आतून दाराकडे बघत बसायची, आज तरी येते का म्हणून."

म्हणजे इतके दिवस आम्ही तेच करत होतो. तिची आई जी हाक मारायची तीच हाक, त्याच मेलेल्या मुलीला, आणि तीही दिवसातून चाळीस वेळा. मला संताप आला. कोणाचा, ते सांगता येत नाही. त्या आईचा असेल, तांदळात नाव लिहिणाऱ्यांचा असेल, एकुलती एक म्हणून सांगणाऱ्या एर्झीचाही असेल. नर्सला सांगितलं, खलास, यापुढे ते नाव या घरात घ्यायचं नाही. ती म्हणाली, "क्यों? मम्मी सुनती है ना?" मी म्हटलं, सुनती है, इसीलिए.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ तिच्या जवळ खुर्ची घेऊन बसले. मग अगदी हळू म्हणाले, "झिके." तिने मान वळवली, आणि या वेळी दाराकडे नाही. सरळ त्यांच्या चेहऱ्याकडे. इतक्या स्वच्छ नजरेने की मी उभ्या जागी क्रूस काढला. ती बोललीसुद्धा, तोंड वाकडं होत होतं पण शब्द कळत होते. "चोकोलोम, बाची." आणि पुढे आणखी काही. भाऊंनी मान हलवली, काहीतरी उत्तर दिलं, आणि चेहरा न वळवता मला म्हणाले, "म्हणतेय, नमस्कार काका. आई घरी नाहीये."

त्यांना हवं होतं ते झालं होतं. त्यांनी हाक मारली होती आणि तिने ओ दिली होती. पण ओ दिली ती सहा-सात वर्षांच्या मुलीने, आणि त्या मुलीने या माणसाला कधी पाहिलेलं नव्हतं. बुडापेस्ट नाही, पुणं नाही, रुवैस नाही, निखिल नाही. दारात आलेला एक सावळा म्हातारा पाहुणा, आणि वळण असं की पाहुण्याला नमस्कार करायचा. मी भाऊंना म्हटलं, तुम्ही सांगा ना तिला तुम्ही कोण ते. ते म्हणाले, "घाबरेल ती. घरी एकटी आहे."

मग ते बाचीच झाले. बाची म्हणजे काका. रोज दुपारी दार वाजवून आत यायचे, नमस्कार घ्यायचे, परवानगी विचारून खुर्चीवर बसायचे. ती विचारायची, आई कधी येणार. ते सांगायचे, संध्याकाळी, तोवर मी बसतो सोबत. मोडक्यातोडक्या हंगेरियनमध्ये तिला कोंबड्यांच्या नाहीतर बर्फाच्या गोष्टी सांगायचे, आणि ती ऐकता ऐकता झोपायची. पण संध्याकाळी जाग यायची तेव्हा आई आलेली नसायची. तिची शक्ती उतरत चालली होती. जेवण सुटलं होतं. डॉक्टर येऊन बघून गेला आणि जाताना दारात भाऊंचा खांदा थोपटून गेला, त्यावरून समजायचं ते आम्ही समजलो.

माझं वसईचं तिकीट ठरलेलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी भाऊ खाली माझ्याकडे आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "इझाबेल, एक काम आहे. संध्याकाळी वर ये, आणि तिची आई म्हणून आत ये." मला वाटलं, जागरणाने यांचं काही बिघडलं. मी म्हटलं, भाऊ, हे नाटक मला जमायचं नाही, आणि मरणाच्या दारातल्या माणसाशी खोटं बोलणं आमच्यात पाप आहे. ते चिडले नाहीत. म्हणाले, "आमच्या घरासाठी ती तीस वर्षं मृणाल होऊन राहिली. तू एक संध्याकाळ तिची आई हो. मी रोज तिला 'आई येईल' म्हणतो, आणि कोणीच येत नाही. मला आणखी एक दिवस ते सांगवत नाही." यावर नाही म्हणायला लागणारं दगडाचं काळीज माझ्याकडे नव्हतं. मी विचारलं, काय बोलायचं? "एकच शब्द. मेग्योत्तेम. म्हणजे, आले गं मी." तो शब्द त्यांनी माझ्याकडून घोटून घेतला. आणि काही विचारलं तिने तर? "तर इगेन म्हण. म्हणजे हो. बाकी मी बघतो."

डोक्याला रुमाल बांधला, त्यांच्याकडच्या खेड्यातल्या बायका बांधतात तसा, हनुवटीखाली गाठ. आरशात बघितलं तर मला माझी आजीच दिसली. जिना चढताना तो शब्द पुटपुटत होते, आणि मधेच आमची 'नमो मारिये'ची प्रार्थना तोंडात यायची आणि शब्द निसटायचा. सूर्य अजून बुडाला नव्हता. खोलीत पिवळा उजेड होता. मी दारात उभी राहिले. ती जागीच होती, दाराकडे डोळे लावून. मी म्हटलं, "झिके, मेग्योत्तेम."

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, फसलं, हिने ओळखलं. हसली वगैरे नाही. मग माझ्या मागे, दाराच्या चौकटीकडे बघत तिने काहीतरी विचारलं, छोटंसंच वाक्य. त्यातला मला एकच शब्द कळला, बोश्के. भाऊंकडे बघितलं तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलेलं. ठरलेलं तेवढंच मला येत होतं. मी म्हटलं, "इगेन."

तिने डोळे मिटले. मग तिचा डावा हात पलंगाच्या भिंतीकडच्या कठड्याकडे गेला, कठडा तिने पकडला, आणि ती अंग ओढायला लागली. मला कळेना काय करतेय. मी धरायला पुढे झाले तर भाऊंनी मला थांबवलं. अर्धं अंग लुळं, पोटात दिवसभर काही नाही, तरी ती ओढत राहिली, थोडी थोडी, घाम फुटेपर्यंत. भिंतीला टेकली तेव्हा थांबली. अर्धा पलंग मोकळा झाला होता. मग तिला झोप लागली, आणि त्या संध्याकाळी ती रडली नाही. स्वयंपाकघरात येऊन भाऊंनी मला सांगितलं. "बोश्केलापण आणलंस का, असं विचारलं तिने."

मी वसईला गेले. पुढचं मला फोनवर कळलं ते सुरुवातीला लिहिलंच आहे. मी तिकडे असतानाच तिच्यावर अग्निसंस्कार झाले. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतले गुरुजी आले होते, त्यांनी नाव विचारलं तेव्हा भाऊ मृणाल म्हणाले. त्या नावाची तीस वर्षंही खोटी नव्हती, असं त्यांनी मला सांगितलं, आणि ते मला पटलं. वसईच्या चर्चमध्ये मी मिस्सा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, सांगितली ती एर्झेबेतच्या नावाने. दोन सांगितल्या. फादरनी विचारलं, एकाच नावाच्या दोन कशाला? मी म्हटलं, दोघी आहेत.

परत आल्यावर वर गेले. नर्स गेली, औषधं गेली, पण भाड्याचा पलंग अजून तिथेच आहे. दुकानवाल्याचे फोन येतात, भाऊ त्याला पुढच्या आठवड्यात म्हणतात. चादर धुतलेली आहे, उशी मात्र भिंतीला लागून ठेवलेली, जिथे तिचं डोकं होतं तिथेच. आम्ही चहा घेतला. निखिलचं काय, माझ्या भाचीचं लग्न कसं झालं, असं बोलत राहिलो. मधेच भाऊंनी चादरीची सुरकुती हाताने सरळ केली, मोकळ्या बाजूची. पलंगावर बसायला भरपूर जागा होती. आम्ही दोघंही खुर्च्यांवर बसलो होतो.